गावाला विचारा

१ नोव्हेंबर १९५६. बेळगाव, खानापूर, निपाणीत हा काळा दिन. त्याच दिवशी इंदूरचेही एक राज्य मावळले, हे आपल्या सभांत क्वचितच सांगितले जाते. होळकरांचे संस्थान १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले. ग्वाल्हेर हिवाळी आणि इंदूर उन्हाळी राजधानी ठरली. आठ वर्षांत मध्यभारतच मध्यप्रदेशात गेला व राजधानी भोपाळला. इंदूरच्या मराठी माणसाचा कौल कोणी घेतला नाही, हिंदी भाषकाचाही नाही. तेव्हा दुखणे केवळ मराठी-कानडीचे नव्हे. लोकांना विचारण्याचे बंधनच दिल्लीवर नाही.

घटनेचे तिसरे कलम काढून पाहावे. राज्य मोडणे, जोडणे, सीमा हलविणे हे सारे संसदेच्या साध्या बहुमताने होते. विधानसभेचे मत मागवायचे, ते मानायचे बंधन नाही. पुनर्रचनेच्या तोंडावर, डिसेंबर १९५५ मध्ये पाचवी घटनादुरुस्ती करून त्या मतालाही मुदत घातली गेली. मुंबई विधानसभेपुढे विधेयक आले ते महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई अशा तीन तुकड्यांचे. संसदेतून बाहेर पडले ते द्विभाषिक! याविरुद्ध बाबूलाल पराते सुप्रीम कोर्टात गेले. पुन्हा विचारण्याची गरज नाही, असा निकाल १९५९ साली लागला. पुढे २०१४ मध्ये आंध्र विधानसभेने फेटाळलेले तेलंगणाचे विधेयक संसदेने मंजूर केले. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचे राज्यपण गेले, तेव्हा तेथे विधानसभाच नव्हती.

मग संसदेला विधानसभेची संमती सक्तीची करावी, असे कोणीही म्हणेल. इथे सीमावासीयांनी सावध व्हावे. तशी अट घातली तर आपले गाव हलविण्याची किल्ली बंगळूरच्या हाती जाते, आणि ती किल्ली कधी फिरणार नाही. दिल्लीचे अधिकार काढून नुसते राज्यांना देणे म्हणजे आपल्यासाठी आगीतून फुफाट्यात.

"गुरुजी, मग दिल्लीच बरी की!" असे समितीतले तरुण म्हणतात. दिल्लीने काय केले? १९६६ साली महाजन आयोग नेमला, पुढच्या वर्षी अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला, आणि घोडे तिथेच अडले. शाळांचे पाहा. ३५०-अ कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे म्हणून राज्यांना निर्देश देण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असली की त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे १९४९ पासून कागदावर आहे. भाषिक अल्पसंख्याक आयुक्त अहवाल लिहितात, पण राज्याकडून अंमल करवून घेण्याचा अधिकार त्यांना नाही. शिक्षक निवृत्त होतो, जागा भरत नाही, पालक कंटाळून मूल दुसऱ्या शाळेत घालतात, मग पट घटला म्हणून वर्ग बंद. यासाठी कोणाला कायदा मोडावा लागत नाही. तीस वर्षे खडू हातात धरलेल्या माणसाला हे कोणी शिकवायला नको.

संमती हवी ती गावाची. यात अघटित काही नाही. मध्यप्रदेशाचे राज्यपाल असलेल्या ह. वि. पाटसकरांनी आंध्र-मद्रास वादात खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत ही सूत्रे लावली, आणि १९५९ च्या कायद्याने त्या सीमा बदलल्या. इंदूर ज्या राज्यात गेले त्याच मध्यप्रदेशाने ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ साली सर्वांआधी पंचायतीच्या निवडणुका घेतल्या. गावाला मत असते हे मान्य असेल, तर ते गटारे-दिव्यांपुरतेच का? महाराष्ट्राने २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा लावला, तो १३१ व्या कलमाखाली. त्यात सरकारे पक्षकार, गाव नाही.

तोवर एवढे करता येईल. येत्या ग्रामसभेत मराठी शाळेचा पट, मंजूर जागा व रिकाम्या जागा यांचे आकडे मांडून ठराव करावा. ठराव मराठीत लिहावा, सोबत कानडी नक्कल जोडावी. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना, एक समितीच्या कचेरीत. पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नये.