‘एकुम’ खोडण्याआधी जुना फेरफार काढा

सातबाऱ्याची साफसफाई चालू आहे, चांगलं आहे. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम राज्यभर निघाली. आधी मयत खातेदारांचे वारस लावायचे, मग कालबाह्य नोंदी काढायच्या: तगाई, नजरगहाण, बंडिंग बोजा, एकुम. तगाई काढा, कोणाचं काही जात नाही. एकुमचं तसं नाही.

आपल्याकडची कितीतरी पोरं ठाण्याला गाडी बदलून ऐरोली-महापेला आयटीत जातात, त्यांना विचारा. वीस वर्षं जुना ओपन सोर्स कोड, दहा जणांनी दहा तऱ्हेने लिहिलेला. हात शिवशिवतात, सगळं एका सरळ रेषेत आणावंसं वाटतं. पण जाणते लोक चालत्या कोडला नुसत्या मांडणीसाठी हात लावू देत नाहीत. कुठली ओळ कोणी, कधी, कशासाठी लिहिली हे ‘गिट’मध्ये दिसतं, सरसकट मांडणी बदलली की प्रत्येक ओळीवर सफाईवाल्याचंच नाव येतं. म्हणून २०१९ मध्ये गिटने असे सफाईचे बदल वगळून मागचं बघायची सोय दिली. आणि रिवाज एकच: मांडणीचा बदल वेगळा, अर्थाचा वेगळा, दोन्ही एकत्र नाहीत. पायथॉनमध्ये तर ओळीआधीची मोकळी जागा हाच अर्थ असतो. ती हलली की प्रोग्रॅम बदलला.

एकुम ही तसलीच मोकळी जागा आहे. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव थोरल्या भावाचं, जमीन सगळ्यांची. त्या तीन अक्षरांमागे धाकटे भाऊ आहेत, बहिणी आहेत. बाकीची नावं न लावता नुसता शेरा उडवला, तर कागदावर थोरला एकटा मालक! २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण सातबाऱ्यावर नाव नाही तर तो सिद्ध करायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. आणि विमानतळ, पनवेल-कर्जत रेल्वे, फार्महाऊस यांनी इथल्या गुंठ्याचं काय केलंय ते तुम्ही जाणताच.

मग सफाई करायची कधी? घरात वारस नोंद किंवा वाटप निघालंच असेल तेव्हा. सगळे हजर असतात, कागद बाहेर आलेले असतात. नुसतं नीटनेटकं दिसावं म्हणून नको. जुन्या फेरफारावर ‘कुलाबा जिल्हा’ आहे, एकर-गुंठे आहेत, आणे-पैत हिस्से आहेत. असू द्यात! त्यावरूनच मागचा माग लागतो.

महसूल अधिनियमाच्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. पण हक्काचा बदल लेखनप्रमाद म्हणून खपवला जात असेल तर हरकत घ्या, लेखी घ्या, पोच घ्या. त्याआधी तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुना हस्तलिखित सातबारा आणि मूळ फेरफाराची नक्कल काढा. नोटीस चावडीवर लागते, आणि बहीण बदलापूरला किंवा पेणला असते. तिला फोटो काढून पाठवा, आत्यालाही पाठवा.