आधी गाडीवर बसा!

पावसावर लिहिणारे यच्चयावत कवी छपराखाली बसून लिहितात, असा माझा जाहीर आरोप आहे. म्हणे मृद्गंध! अहो, एकाला तरी मोटारसायकलवर बसवून जूनच्या पहिल्या सरीत स्वारगेटहून कोथरूडला धाडा. वर्षभर सांडलेलं ऑइल आणि धूळ भिजून रस्त्यावर जो राड होतो, त्यावर चाक ठरत नाही. त्यापेक्षा धो धो पाऊस परवडला. तो निदान रस्ता धुऊन तरी काढतो. आणि झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे म्हणजे ओला साबणच.

गेल्या साली एक पोरगं आडवं आलं म्हणून त्याच पट्ट्यावर मी करकचून ब्रेक दाबला. माझ्या गाडीचा ब्रेक ड्रमचा. पाणी शिरलं की आधी विचार करतो, मग एकदम लागतो. गाडी एकीकडे, मी दुसरीकडे आणि मागे बसलेली सौभाग्यवती डबक्यात! तिचा हात सहा आठवडे प्लास्टरात होता. भाकऱ्या मी थापल्या. (त्यांविषयी न बोललेलं बरं.)

अशात एक काव्यप्रेमी स्नेही समाचाराला आले. खिडकीबाहेर बघून म्हणाले, "वा! काय हवा पडलीय! गाडी काढ, ताम्हिणीला भिजत जाऊ."

स्वतः आले होते मोटारीतून. काचा वर करून.