हिंवाळ्यांतील शेतकाम आणि पडवींतील रोपें

दिवाळी आली, भाताच्या लोंब्या पिवळ्या होऊन वांकल्या, कीं आमच्या वर्गांतील बांकांवर रिकाम्या जागा दिसूं लागतात. हजेरीपटावर दोन-तीन आठवडे लाल शाईच्या खुणा वाढत जातात. गैरहजर विद्यार्थ्यास विचारावें तर उत्तर ठरलेलें : "गुरुजी, झोडणी होती." "गुरुजी, भारे वाहायचे होते." "आई खळें सारवीत होती, म्हणून धाकट्या बहिणीला सांभाळलें." अनेक वर्षें आम्हीं ह्या उत्तरांवर रागावत आलों. त्या रागाचीच आज फेरतपासणी करावी असें मनांत आहे. कारण तो सर्वथा योग्य होता असें आतां आम्हांस वाटत नाहीं.

हिंवाळ्यांत लहान शेतकऱ्याच्या घरीं काम तरी किती असतें ? शहरांतून आलेल्या पाहुण्यास कार्तिकानंतर पेण-रोह्याचीं शेतें उघडीं दिसतात आणि शेतकरी ओटीवर बसलेला दिसतो. त्यावरून तो समजतो कीं, चार महिने राबावें व आठ महिने स्वस्थ बसावें असा हा धंदा आहे. वस्तुस्थिति निराळी आहे. भारे खळ्यावर आणून उडवी रचावयाची, खळें ठोकून शेणानें सारवावयाचें, भात झोडावयाचें, तें वाऱ्यावर धरून फोल निराळें करावयाचें, पुढील सालचें बियाणें वेगळें काढून वाळवावयाचें, पेंढा गुरांसाठीं माळ्यावर चढवावयाचा, खचलेले बांध नीट करावयाचे, आणि उन्हाळा लागण्यापूर्वीं राबासाठीं कवळ, पातेरा व शेण गोळा करून ठेवावयाचें. हीं सारीं कामें थोडीं मागें-पुढें झालीं तरी चालतात. परंतु ह्यांच्याच गर्दींत एक काम असें येतें कीं, तें पंधरा दिवस लांबलें तर त्या वर्षापुरतें गेलेंच. तें म्हणजे वालाची पेरणी.

भात निघाल्यावर जमिनींत जी ओल शिल्लक राहते तिच्यावरच आमच्याकडील कडवा वाल येतो. त्यास पाट नको, मोट नको, पंप नको. मात्र जमीन वरून तडकण्याच्या आंत बीं मातींत गेलें पाहिजे. म्हणूनच झोडणीच्या दिवसांत घरांतील लहानथोर सर्वांचे हात लागतात, आणि म्हणूनच आमच्या बांकांवरील जागा रिकाम्या राहतात. वाल हें शेंगवर्गांतील पीक आहे. त्याच्या मुळांवरील गांठींत जे सूक्ष्म जंतु वस्ती करितात ते हवेंतील नत्र वनस्पतीच्या उपयोगीं पडेल अशा रूपांत आणतात. भातानें ज्या जमिनींतून नत्र ओढून घेतलें, तिलाच वाल त्याचा कांहीं भाग परत देतो, आणि शिवाय घरांत बिरड्यास दाणे येतात तें निराळेंच. अशा पिकास कोणी 'दुय्यम पीक' म्हणावें ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

थंडींत शेंगा भरूं लागल्या म्हणजे पोपटी होते. ती कशी होते हें आमच्या वाचकांस सांगणें म्हणजे आईस माहेरची वाट दाखविण्यासारखें आहे. तरी सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मडक्याच्या तळाशीं भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ लावलेल्या शेंगा, पुन्हां पाला. मग तोंड पाल्यानें गच्च दाबून मडकें शेतांतच उपडें ठेवावयाचें आणि भोंवतीं पेंढ्याचा व काटक्यांचा जाळ करावयाचा. पाण्याचा थेंबही घालावयाचा नाहीं. शेंगांतील व पाल्यांतील ओलाव्याची जी वाफ आंत कोंडते तिच्यावरच सर्व शिजतें. ह्या एका मडक्यांत पदार्थविज्ञानाचा एक संपूर्ण धडा आहे, आणि आम्हीं तो वर्गांत एकदांही शिकविला नाहीं. असो.

हा वाल आतां पूर्वीइतका पेरला जात नाहीं, हें शाळेच्या वाटेवरील शेतांकडे पाहिलें तरी कळतें. त्याचीं कारणें शोधावयास फार दूर जावयास नको. घरांतील तरुण मनुष्य धाटावच्या कारखान्यांत किंवा मुंबईस कामास जातो. त्यांत कांहींच वावगें नाहीं, चार-सहा गुंठ्यांवर आजच्या काळीं कुटुंब चालत नाहीं हें आम्हीं जाणतों. परंतु दुसरें एक कारण असें आहे कीं, त्याचा दोष कारखान्यावर टाकतां येत नाहीं. भात उठलें कीं गांव गुरें मोकळीं सोडतो. एका घरानें वाल पेरला आणि शेजारच्या दहा घरांनीं गुरें उनाड सोडलीं, तर त्या एका घरच्या वालाचें एक पानही राहत नाहीं. त्यानें कुंपण घालावें म्हटलें तर कुंपणाचा खर्च वालाच्या किंमतीहून अधिक. मग तोही पुढील वर्षीं पेरीत नाहीं. अशा रीतीनें एकेक शेत उघडें पडत जातें, आणि उघडें शेत विकावयास मनुष्यास फार वेळ लागत नाहीं. हिंवाळी पीक हें एका घराचें काम दिसतें. परंतु तें सगळ्या गांवाच्या वचनावर उभें असतें.

पाण्याची गोष्टही अशीच आहे. रोहें तालुक्यांतील विद्यार्थी कुंडलिकेचें पाणी रोज पाहतात. मुळशीच्या धरणाचें पाणी घाटाखालीं भिऱ्यास उतरतें, तेथें १९२७ सालापासून त्यावर वीज निर्माण होते, आणि वीज करून सुटलेलें तेंच पाणी कुंडलिकेंत येऊन डोलवहाळच्या बंधाऱ्यापासून कालव्यांनीं शेतांत जातें. त्याच्या बळावर आमचे कित्येक पालक उन्हाळी भात काढतात. पेणकडे हेटवण्याचें धरण आहे. सन २००८ च्या सप्टेंबरांत त्या धरणाच्या लाभक्षेत्रांतील २२ गांवांत, विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमिनी द्याव्या कीं न द्याव्या, ह्यावर सरकारनें शेतकऱ्यांचें मत घेतलें. त्या दिवशीं रांगेंत उभे राहिलेले कांहीं जण आज आमचे पालक आहेत. त्यांना आमचा आदरपूर्वक प्रश्न इतकाच आहे : ज्या जमिनीसाठीं आपण रांगेंत उभे राहिलां, ती मार्गशीर्षांत कशी दिसते हें आपल्या मुलास ठाऊक आहे काय ?

येथें खारेपाटांतील विद्यार्थी म्हणेल कीं, गुरुजी, आमच्या शेतांत वाल होतच नाहीं. त्याचें म्हणणें खरें आहे. बांधाच्या आंतील खार जमीन पावसानें धुतली जाते तोंवर भात देते. पाऊस सरला, जमीन वाळूं लागली, कीं खालचा क्षार ओलाव्याबरोबर वर चढतो आणि मातीवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. त्या मातींत कोंवळें मूळ तग धरीत नाहीं. तेथील हिंवाळ्याचें मुख्य काम म्हणजे समुद्राकडील बांध राखणें. तो एक ठिकाणीं फुटला तर अनेक घरांच्या शेतांत खारें पाणी शिरतें. अशा घरीं भाजी लावावयाची तर ती अंगणांत किंवा पडवींत, बाहेरून आणलेल्या गोड्या मातीवरच लावावी लागते. आणि ह्याच पडवीसंबंधीं आम्हांस स्वतःची एक फजिती सांगावयाची आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं वर्गांत तेलाच्या रिकाम्या डब्यांत वाल लावविला. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागूं नयेत म्हणून डबे कोपऱ्यांतील कपाटावर ठेविले. आठवड्यांत रोपें वीतभर उंच झालीं, आणि मुलांच्या आनंदास पार राहिला नाहीं. परंतु पुढें तीं पिवळीं पडलीं, देंठ दोऱ्यासारखे बारीक झाले आणि सर्व आडवीं झालीं. आम्हीं समजलों पाणी कमी पडलें. म्हणून आणखी घालविलें, तेव्हां मुळें कुजलीं. त्याच सुमारास एका विद्यार्थ्याची आजी त्याच्या रजेविषयीं विचारावयास आली होती. तिनें डब्यांकडे पाहिलें आणि म्हणाली, "गुरुजी, देव्हाऱ्यातल्या घटासारखं झालंय हे. उन्हात बसवा पोरांना." महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र वाचलेले आम्हीं, परंतु आमच्या हिंदु बांधवांच्या घरीं नवरात्रांत घटाचें धान्य नऊ दिवसांत पिवळेंधमक होऊन कां वाढतें, ह्याचा संबंध त्या कपाटाशीं जोडण्यास एक निरक्षर बाई यावी लागली !

अंधारांत रोप उंच होतें तें जोमानें नव्हे. तें उजेड शोधीत असतें. बियांत सांठविलेलें अन्न तें उंचीवर खर्च करितें, हिरवा रंग बनवीत नाहीं, आणि शिदोरी संपली कीं कोसळतें. खिडकीशीं ठेवलेलें रोप तिच्याकडे कां वळतें, ह्याचा शोध चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस ह्यांनीं घेतला व तो १८८० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. गवताच्या जातीच्या कोंवळ्या अंकुरांच्या टोंकांवर त्यांनीं टोप्या घातल्या. टोंक झांकलेला अंकुर उजेडाकडे वळेना. म्हणजे उजेड टोंकास कळतो आणि वळतो मात्र त्याखालचा भाग. हा प्रयोग गव्हाचे दाणे व चॉकलेटचा चंदेरी कागद एवढ्या साहित्यावर कोणत्याही पडवींत करतां येईल.

थंड देशांत जमिनीवरचें दंव गोठतें, म्हणून तेथील लोक वसंतापूर्वीं कित्येक आठवडे रोपें घरांत वाढवितात. परंतु डिसेंबरच्या शेवटीं लंडनास दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, आणि उजेडासाठीं त्यांना दिवे लावावे लागतात. त्याच दिवसांत पेणेस सुमारें अकरा तास उजेड असतो. आमच्या पडवीच्या कडेस सकाळचें कोंवळें ऊन फुकट येतें, आणि तेथें आम्हीं काय ठेवितों ? मोडकी खुर्ची आणि चपला. डब्याच्या तळास भोंकें पाडून, गोडी माती व कुजलेलें शेणखत घालून मेथी पेरली तर महिन्याभरांत एका वेळची भाजी निघते. धने रगडून त्यांचीं दोन दळें निराळीं करून पेरावे. मिरची-वांग्याचें रोपही पडवीच्या कडेस करतां येतें. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास २०२२ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां वर्तमानपत्रांतील ती बातमी आम्हीं फळ्यावर लिहिली होती. परंतु त्या कांद्याचें रोप आधीं वाफ्यांत करून दीड-दोन महिन्यांनीं उपटून लावतात, हें वर्गांतील चाळीसांपैकीं सात जणांसच ठाऊक होतें. ते सातही जण झोडणीच्या दिवसांत गैरहजर राहणारे होते.

आतां पालकांविषयीं एक तक्रार. "अभ्यास कर, नाहीं तर शेतांत राबावें लागेल," हें वाक्य आम्हीं अनेक घरांत ऐकलें आहे, आणि लाज सोडून सांगतों, वर्गांत स्वतःही उच्चारिलें आहे. जेथें शेत ही शिक्षा म्हणून सांगितली जाते, तेथें मुलगा शिकून आल्यावर त्या शेताचें काय करील हें उघड आहे. आम्हीं स्वतः मिशनच्या वसतिगृहांत वाढलों. तेथें सकाळच्या प्रार्थनेपूर्वीं प्रत्येकास आपल्या वाफ्यास दोन घागरी पाणी घालावें लागे, आणि त्या घागरींनीं आमच्या परीक्षेंतील गुण कमी झाल्याचें आठवत नाहीं. चिंतामणराव देशमुख ह्यांचें बालपण रोह्यांत गेलें. पुढें ते केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकले आणि १९१७ सालीं त्यांस तेथें वनस्पतिशास्त्राचें फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळालें. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर म्हणून आमचे विद्यार्थी त्यांचें नांव पाठ करितात. वनस्पतिशास्त्राचें पारितोषिक मात्र कोणी पाठ करीत नाहीं.

ह्यावरून कोणी असें समजूं नये कीं, मुलांना शाळेंतून काढून खळ्यावर धाडावें असें आमचें मत आहे. तसें मुळींच नाहीं. ज्या मुलीस धाकट्या भावंडांसाठीं महिना-महिना घरीं ठेवितात, तिच्या बाबतींत आमचा राग आजही कायम आहे आणि तो कायमच राहील. विशेषतः तिचा थोरला भाऊ त्याच वेळीं वर्गांत बसलेला असतो तेव्हां. आमचें म्हणणें एवढेंच कीं, झोडणीचे जे चार-पांच दिवस खरोखर अडचणीचे असतात ते पालकांनीं आधीं कळवावे, आणि आम्हीं त्यांची नोंद 'विनाकारण' ह्या सदरांत करूं नये. परत आलेल्या विद्यार्थ्यानें त्या दिवसांत केलेल्या कामाचा एक पानभर वृत्तांत लिहून आणावा : किती भारे झाले, किती मण भात निघालें, बियाणें कसें निवडलें, वाल कोणत्या तिथीस टाकला. असे अकरा वृत्तांत ह्या वर्षीं आमच्याकडे आले. त्यांतील मराठी, खरें सांगावयाचें तर, 'माझा आवडता ऋतु' ह्या विषयावरील निबंधांहून पुष्कळच सरस होतें.

गुरांचा प्रश्न शाळेच्या हातचा नाहीं. तरी ज्या गांवांतून आमचे दहाहून अधिक विद्यार्थी येतात, तेथील पालकांनीं भातकापणीपूर्वीं एकत्र बसून, वाल निघेपर्यंत गुरें बांधून ठेवण्याचें ठरवावें, ही विनंती. बैठकीस बोलाविल्यास आम्हीं येऊं.

वर्गांतील डबे आतां कपाटावरून काढून पूर्वेकडील व्हरांड्यांत ठेविले आहेत. वालाच्या वेली कठड्यावर चढल्या असून, हें लिहीत असतां पांच डब्यांतील रोपांस फुलें आलीं आहेत. पोपटीपुरत्या शेंगा तेवढ्यावर व्हावयाच्या नाहींत. त्या कोणा तरी पालकाच्या शेतांतूनच आणाव्या लागतील. मडकें व मीठ आम्हीं आणूं, भांबुर्ड्याचा पाला विद्यार्थ्यांनीं आणावा.