विश्लेषण : कुत्र्यांचे आयुष्य वाढवणारी गोळी येणार? तोवर म्हाताऱ्या कुत्र्या-मांजरांसाठी काय करता येते?

कुत्र्यांचे निरोगी आयुष्य लांबवू पाहणारी एक गोळी अमेरिकेत मंजुरीच्या वाटेवर आहे. मात्र म्हाताऱ्या कुत्र्या-मांजरांची काही वर्षे वाचवणारे उपाय आजही उपलब्ध आहेत. ते वेळेवर होत नाहीत, याचे मोठे कारण म्हणजे आजाराच्या खुणांना ‘वय झाले’ असे म्हणून दिलेली बगल.

गोळीचे प्रकरण काय आहे?

‘लॉयल’ या अमेरिकी कंपनीची ‘लॉय-००२’ ही रोज देण्याची गोळी दहा वर्षे व त्यापुढील, साधारण साडेसहा किलोंहून अधिक वजनाच्या कुत्र्यांसाठी आहे. वयानुसार चयापचयात होणारा बिघाड रोखणे हा तिचा हेतू. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती परिणामकारक ठरण्याची ‘वाजवी अपेक्षा’ असल्याचे मान्य केले. ही विक्रीची परवानगी नव्हे. त्यासाठी सुरक्षितता आणि उत्पादनाचे निकषही पार करावे लागतात. आयुष्य खरेच वाढते का, हे तपासणारी मोठी चाचणी हजाराहून अधिक कुत्र्यांवर सुरू करण्यात आली.

म्हातारपण कधी सुरू होते?

कुत्र्याच्या वयाला सातने गुणण्याचा हिशेब चुकीचा आहे. ग्रेट डेनसारखा महाकाय कुत्रा सहा-सात वर्षांतच उतारवयाला लागतो, तर छोट्या जातीचा कुत्रा दहाव्या वर्षीही ठणठणीत असू शकतो. मांजर साधारण दहा वर्षांनंतर ज्येष्ठ मानले जाते. या वयात दर सहा महिन्यांनी तपासणी करावी, असे पशुवैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. माणसाच्या तुलनेत प्राण्यांचे सहा महिने बरेच मोठे असतात.

लवकर निदानाचा खरेच फायदा होतो का?

याचे ठोस उदाहरण हृदयविकाराचे आहे. लहान व मध्यम आकाराच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप सैल होऊन रक्त उलटे झिरपते. त्याचा आवाज पशुवैद्याला स्टेथोस्कोपने ऐकू येतो. तेव्हा कुत्रा धडधाकट दिसत असतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ या चाचणीत, लक्षणे नसलेल्या पण हृदय मोठे झालेल्या कुत्र्यांना पिमोबेंडन हे औषध दिले गेले. त्यांच्यात हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी १५ महिन्यांनी पुढे गेली. खोकला आणि धाप सुरू होईपर्यंत थांबले, तर हे महिने हातचे जातात.

मांजरांचे काय?

मांजर दुखणे लपवते. बारा वर्षांवरील १०० मांजरांच्या क्ष-किरण तपासणीत ९० मांजरांच्या सांध्यांत झीज आढळली होती. मांजर लंगडत नाही, फक्त उंच उड्या मारणे सोडते. मूत्रपिंडाच्या विकारातही तसेच. रक्तातील क्रिएटिनिन स्पष्टपणे वाढेपर्यंत मूत्रपिंडाचे बरेचसे काम थांबलेले असते. म्हणून लघवीची तपासणी आणि ‘एसडीएमए’ ही रक्तचाचणी उपयोगी पडते. उच्च रक्तदाबाने तर मांजराला अचानक अंधत्व येऊ शकते. भरपूर खाऊनही मांजर वाळत असेल, तर थायरॉइड किंवा मधुमेहाची शंका घ्यावी.

सर्वांत स्वस्त उपाय कोणता?

वजन. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांचा आयुष्यभर अभ्यास झाला. एकाच वेतातील पिलांच्या जोड्या लावून त्यातील एकाला पिलूपणापासूनच २५ टक्के कमी खाणे दिले गेले. कमी खाणारे कुत्रे मध्यमानाने १३ वर्षे जगले, तर भरपेट खाणारे ११.२ वर्षे. सांधेदुखीही त्यांना उशिरा गाठली. अर्थात, म्हातारपणी वजन आपोआप घटू लागले तर तो आजाराचा इशारा असतो. अशा वेळी खाणे कमी करू नये.

भारतात अडचण कुठे?

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भर साहजिकच गाई-म्हशींवर आहे. सोनोग्राफी, हृदयाची इको तपासणी या सोयी प्रामुख्याने मोठ्या शहरांत मिळतात. मुंबईत परळचे जुने रुग्णालय आहे. महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचेही रुग्णालय सुरू झाले. तालुक्याच्या गावी मात्र पर्याय मोजके. त्यात विमा घ्यायचा तर बहुधा प्रवेशवयाची अट आडवी येते.

यातून घरगुती उपचारांचा धोका वाढतो. माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते आणि आयब्रुफेन कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडाला घातक ठरते.

मग सुरुवात कुठून करावी?

प्रत्येक म्हाताऱ्या प्राण्याच्या सगळ्या चाचण्या करण्याची गरज नसते. दर महिन्याला वजन नोंदवणे, किती पाणी पितो आणि किती लघवी करतो यावर लक्ष ठेवणे, तोंडाला दुर्गंधी किंवा अंगावर नवी गाठ दिसली तर दाखवणे, हे घरीच जमते. भारतात गोचीड तापही नेहमीचा असल्याने गोचीड प्रतिबंध आणि रेबीजची लस म्हातारपणीही थांबवू नये. सहामाही भेटीत हृदय, दात, रक्तदाब पाहून, रक्त व लघवीच्या साध्या तपासण्या झाल्या की पुढे कशाची गरज आहे ते पशुवैद्य ठरवू शकतात. महिन्यागणिक वजनाची वही सोबत नेली, तर हे ठरवणे अधिक सोपे जाते.