वरचा पाणवठा, खालचा पाणवठा



आपल्या घरातील वृद्ध माणसांना एकदा अवश्य विचारा, "गावात आपला पाणवठा कोठे होता?" ते सांगतील, "ओढ्याच्या खालच्या अंगाला." वरच्या अंगाला पाटील-कुलकर्ण्यांचा पाणवठा, त्याखाली इतरांचा, त्याखाली त्यांची गुरे धुण्याची जागा, आणि सर्वांत खाली आपला. आपल्या स्पर्शाने वरचे पाणी विटाळू नये म्हणून ही व्यवस्था होती. परंतु वरच्यांचा मळ वाहत वाहत आपल्या घागरीत येई, त्याचा विचार करण्याची गरज कोणाला भासली नाही. चातुर्वर्ण्य म्हणजे काय हे जाणण्यासाठी मोठमोठे ग्रंथ वाचावयास नकोत. गावचा ओढा पाहिला तरी पुरे.

ही व्यवस्था मोडण्यासाठीच परमपूज्य बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. परंतु कागदावर खुले असलेले ते तळे प्रत्यक्षात बंदच होते. आपल्या लोकांनी पाणी घेतल्यावर सनातन्यांनी त्यांना मारहाण केली, आणि माणसांच्या स्पर्शाने 'बाटलेल्या' तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून त्याची 'शुद्धी' केली ! पुढे दहा वर्षे न्यायालयात दावा चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

आज चवदार तळे खुले आहे. विहिरी, तलाव व घाट यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करण्यास संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने मनाई केली आहे. मग पाण्याची लढाई संपली काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे : संपलेली नाही. पाण्याला हात लावण्याचा हक्क आपण मिळविला. परंतु ते पाणीच विषारी झाले, अथवा जमिनीखालून उपसून दुसऱ्याने नेले, तर त्या हक्काचे काय करावयाचे? ज्या महाडने आपल्याला पाण्याचा हक्क शिकविला, त्या महाडशेजारी आज रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी आहे आणि सावित्री नदीच्या प्रदूषणाविरुद्ध तेथील मच्छीमार व गावकरी यांना वारंवार आवाज उठवावा लागला आहे. माणसांच्या स्पर्शाने बाटलेले पाणी शुद्ध करावयास धावून येणारे लोक खऱ्याखुऱ्या घाणीच्या वेळी कोठे असतात? वरचा आणि खालचा पाणवठा नाहीसा झालेला नाही. पूर्वी वरच्या अंगाला पाटील होता; आता तेथे कारखान्याच्या सांडपाण्याचा नळ आहे.

ही रीत आपल्याच देशाची आहे असेही समजू नका. अमेरिकेत नॉर्थ डकोटापासून इलिनॉयपर्यंत सुमारे १,८८० किलोमीटर लांबीची खनिज तेलाची नळवाहिनी टाकण्याचे ठरले. आरंभी विचारात घेतलेल्या मार्गांपैकी एक बिस्मार्क शहराच्या उत्तरेकडून जात होता. तो सोडून देण्यात आला, आणि त्याच्या कारणांत त्या शहराच्या पाणीपुरवठ्याची जवळीक हे एक कारण होते. बिस्मार्कची वस्ती बहुतांशी गोऱ्यांची आहे. अखेर नळवाहिनी जेथे मिझुरी नदीखालून नेण्यात आली, तेथून थोड्याच अंतरावर, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, सू या मूळ रहिवाशांचा स्टँडिंग रॉक हा राखीव प्रदेश आहे. शहराच्या पाण्याला जो धोका चालत नाही, तो मूळ रहिवाशांच्या पाण्याला चालतो ! बंधुंनो, हा आपल्या गावचाच ओढा नव्हे काय?

त्या लोकांनी एप्रिल २०१६ मध्ये नदीकाठी छावणी घातली. 'मिनी विचोनी', म्हणजे 'पाणी हेच जीवन', ही त्यांची घोषणा होती. नोव्हेंबरच्या कडाक्याच्या थंडीत रात्री त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडण्यात आले, तरी ते हटले नाहीत. डिसेंबरमध्ये सरकारने परवानगी नाकारली. परंतु पुढच्याच महिन्यात सत्ता बदलली, आणि जून २०१७ पासून नळवाहिनीतून तेल वाहू लागले. वरून मिळालेली कृपा वरूनच काढून घेतली जाते, हा त्यातील धडा आहे.

आता आपल्याच देशातील केरळकडे पाहा. पालघाट जिल्ह्यात पेरुमाट्टी पंचायतीच्या हद्दीत प्लाचिमडा नावाची वस्ती आहे. तेथील बरेचसे लोक इरवालर व मलसर या आदिवासी जमातींचे, शेतमजुरी करून जगणारे. २००० साली तेथे कोका-कोला कंपनीचा कारखाना सुरू झाला. शीतपेयासाठी जमिनीखालचे पाणी यंत्रांनी उपसले जाऊ लागले. थोड्याच काळात शेजारच्या विहिरींची पातळी खाली गेली; उरलेले पाणी इतके जड झाले की त्यात अन्न नीट शिजेना आणि ते पिण्याच्या लायकीचे राहिले नाही. बायांना घागर घेऊन दूरवर जावे लागले. याहून वाईट असे की, कारखान्याचा गाळ खत म्हणून शेतकऱ्यांना देण्यात आला. २००३ साली तपासणी झाली तेव्हा त्या गाळात शिसे व कॅडमियम हे विषारी धातू आढळले.

मग या लोकांनी काय केले? २२ एप्रिल २००२ रोजी त्यांनी कारखान्याच्या दारासमोर ठाण मांडले. मयिलम्मा नावाची एक निरक्षर आदिवासी विधवा त्यांची पुढारी होती. ती कोणत्याही पक्षाची नेता नव्हती. तिच्या विहिरीचे पाणी बिघडले होते, एवढाच तिचा अधिकार. दिवसामागून दिवस हे लोक बसून राहिले. तेव्हा ज्या पंचायतीने कारखान्याला परवाना दिला होता, त्याच पंचायतीने एप्रिल २००३ मध्ये तो पुन्हा देण्याचे नाकारले. डिसेंबर २००३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निर्णय दिला की, भूजल ही जनतेची ठेव असून सरकार तिचे केवळ विश्वस्त आहे. २००५ साली त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरविला. परंतु कारखाना मार्च २००४ मध्ये बंद पडला तो पुन्हा सुरू झाला नाही. मयिलम्मा २००७ साली वारली. सरकारी समितीने २०१० साली नुकसानीचा आकडा २१६ कोटी रुपयांहून अधिक काढला. भरपाईसाठी केरळ विधानसभेने २०११ साली विधेयक संमत केले, पण त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही. म्हणजे विजय अपुरा आहे. तरीही ज्यांच्याजवळ पैसा नाही, पदवी नाही, अशांनी जगातील एका बलाढ्य कंपनीचा उपसा थांबविला ही गोष्ट खरी आहे. ज्यांची विहीर, त्यांनीच हा लढा चालविला आणि आपल्या पंचायतीला आपल्या बाजूस आणले, हे त्यांच्या यशाचे रहस्य होय.

कोणी म्हणेल, 'कारखाने आले म्हणूनच आपल्या मुलांना गावकी सोडून मजुरी मिळाली. बाबासाहेबही उद्योगधंद्यांच्या बाजूचेच होते.' हे खरे आहे, आणि आम्ही ते नाकारीत नाही. मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेला त्यांनी चालना दिली. परंतु नद्यांचे पाणी सर्वांच्या कल्याणासाठी योजनापूर्वक वापरणे निराळे, आणि एकाने नफा घ्यावा व दुसऱ्याने विष प्यावे हे निराळे. कारखाना असावा, त्याने आपली घाण स्वतः शुद्ध करावी, एवढीच मागणी आहे. हा खर्च टाळून तो खालच्या वस्तीच्या प्रकृतीवर लादणे याला प्रगती म्हणता येत नाही.

आपण आता बौद्ध आहोत. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगितले आहे ते रोहिणी नदीच्या पाण्याचे आहे. शाक्य व कोलीय यांच्यात पाण्यावरून तंटा झाला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि परिव्रज्या पत्करली. भिक्षूंच्या विनयात पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये असा नियम आहे. आपण रोज पंचशील म्हणतो. दुसऱ्याच्या विहिरीखालचे पाणी त्याला न विचारता उपसणे हे अदिन्नादान नव्हे काय? विषारी गाळाला खत म्हणणे हा मृषावाद नव्हे काय? शील हे विहारापुरते नाही. ते ओढ्याच्या काठावरही पाळले गेले पाहिजे, आणि दुसऱ्यांकडून पाळून घेतले गेले पाहिजे.

त्यासाठी साधने आपल्या हाती आहेत. निर्मळ पाणी व हवा हा २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले आहे. जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९७४ पासून आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार, अनुसूचित जाती-जमातींचे लोक नेहमी वापरतात ते पाणी इतरांनी दूषित करणे हा गुन्हा आहे. प्लाचिमडाच्या बाबतीत २०१६ साली याच कायद्याखाली गुन्हा नोंदविला गेला. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींत स्थान मिळाले असल्यामुळे धम्मदीक्षा घेतलेल्या अनुसूचित जातींच्या कुटुंबांचे हे संरक्षण नष्ट होत नाही, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच आहे. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वंदनेनंतर अर्धा तास आपल्या वस्तीच्या पाण्यासाठी द्या. कोणती विहीर कधीपासून बिघडली, कोणाचे हातपंप आटले, कोणत्या नाल्यात कोणाचे सांडपाणी येते, हे तारखेनिशी वहीत लिहा. पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. कारखान्याला प्रदूषण मंडळाने कोणत्या अटींवर संमती दिली, ते माहितीच्या अधिकाराखाली मागा. हे सर्व घेऊन ग्रामसभेत जा, आणि बायांना पुढे बसवा; कारण घागर त्यांच्याच डोक्यावर असते. शेजारच्या मराठा, माळी, आदिवासी वस्तीची विहीरही त्याच नाल्याने बिघडली असेल, तर त्यांनाही सोबत घ्या. विष जात पाहून मुरत नाही.

आपल्या आजोबांनी खालच्या पाणवठ्याचे पाणी निमूटपणे प्यायले, कारण त्यांना दुसरा मार्ग ठेवलेला नव्हता. आपल्याला बाबासाहेबांनी मार्ग दिला आहे. आता आपल्या नातवंडांनी 'तुमचा पाणवठा कोठे होता?' असे विचारल्यास मान खाली घालण्याची पाळी येऊ देऊ नका.

जय भीम !