पीठ थोडे, भाजी फार

गेल्या वर्षी वडिलांना मधुमेह असल्याचे निदान झाले आणि आमच्या घरात तव्यावरून तंटा सुरू झाला. पोळी-भाकरी कमी करा, भाज्या वाढवा, असे डॉक्टरांनी सांगितले. सांगायला एक मिनिट लागते! अंबड तालुक्यातल्या आमच्या घरात जेवण म्हणजे भाकरी. भाजी ती तोंडी लावण्यापुरती. भाकरीच काढून घेतली तर ताटात उरते काय?

बहिणीने मोबाइलवर पाहून फुलकोबीची पोळी केली. तीत बदामाचे पीठ आणि चीज! तेवढ्या पैशांत आमची आठवड्याची भाजी आली असती. वडिलांनी ती निमूटपणे संपवली आणि रात्री सगळे झोपल्यावर दुरडीतली भाकरी काढून खाल्ली.

माझे स्पष्ट मत असे आहे, की हे उत्तर इतक्या लांबून आणण्याची गरज नव्हती. मराठवाड्यातल्या घराघरांत धपाटे होतात. त्यांचे प्रमाण तेवढे उलटे करायचे: पीठ थोडे, भाजी फार.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पोळी वाईट, ज्वारीची भाकरी मात्र कितीही खा, असे पारावर छातीठोकपणे सांगतात. ज्वारी काय आणि गहू काय, 100 ग्रॅममध्ये कर्बोदके सुमारे 70 ग्रॅमच. हरभऱ्याच्या डाळीतही ती 60 च्या आसपास, पण प्रथिने ज्वारीच्या दुप्पट. दुधी भोपळ्यात मात्र कर्बोदके जेमतेम दोन-तीन ग्रॅम. म्हणजे खरा फरक पडतो तो दुधीने.

कृती आईची. दुधीचा तुकडा आधी चाखून पाहावा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्यावा, कारण कडू दुधी विषारी असतो. मग किसून, मीठ लावून घट्ट पिळायचा. त्यात मूठभर बेसन, त्याहून कमी ज्वारीचे पीठ, मेथी किंवा कोथिंबीर, तीळ, लसूण-मिरची. पीठ कमी म्हणून धपाटे तुटतात. पहिले चार आम्ही उलथन्याने खरवडूनच खाल्ले. त्यावर उपाय जवसाचा: जवस कुटून पाण्यात भिजवला की चिकट होतो आणि सारे धरून ठेवतो. ओल्या फडक्यावर थापून मंद आचेवर, झाकण ठेवून भाजायचे. (साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्याने भाकरी एकदम तोडू नये, साखर फार खाली जाऊ शकते, डॉक्टरांना विचारूनच करावे.)

पण हे सर्वांना साधेल काय? आमच्या जिल्ह्यात सोयाबीन आणि कपाशीपुढे ज्वारी मागे पडली. रेशनवर प्राधान्य कुटुंबांना जानेवारी 2023 पासून माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते, ते मुख्यतः गहू-तांदूळ. धान्य फुकट आणि भाजी विकत, अशा घरात डॉक्टरांचा सल्ला चुलीपर्यंत कसा पोचावा? पावसाळ्यात तांदुळजा, घोळ बांधावर मिळतात, परसात दुधीचा वेल चढवता येतो. उन्हाळ्यात प्यायलाच पाणी नसते, तिथे वेलाला कुठले?

आजीला तर हा सारा प्रकारच नवलाचा वाटतो. "बहात्तरच्या दुष्काळात पीठ पुरंना म्हून पाला घालत होतो, बाबा. आता पीठ असून पाला घाला म्हंतेत व्हय?" त्या वेळची लाल मिलो आणि सुकडी तिने खाल्लेली आहे.

आणखी एक गोष्ट मित्रांनी हसावे म्हणून नव्हे, विचार करावा म्हणून लिहितो. काही दिवस आई शेतातून येऊन तीन तऱ्हा करत होती: वडिलांना धपाटे, आजीला भाकरी, आम्हाला पोळ्या. एकाच्या आजारासाठी दुसऱ्याने तीनदा चुलीपुढे बसावे, हे मला पटेना. शिवाय वडिलांचे वेगळे ताट म्हणजे रोज आजाराची आठवण. आता रात्री सगळ्यांना तेच धपाटे. सुट्टीत घरी गेलो, की किसणी माझ्याकडे असते आणि दुधी पिळताना मनगट भरून येते.

रविवारची भाकरी मात्र आजीने सोडलेली नाही. वडीलही तिच्याकडून चतकोर मागून घेतात.