गांजाचा वाद आणि आपला दावा

गेल्या पंधरवड्यात झरीला बैठक झाली. विषय वनहक्काच्या दाव्यांचा होता. बैठक उठता उठता मागं बसलेल्या एका पोरानं विचारलं, "दादा, तिकडं हिमाचलात गांजाची शेती मोकळी होणार म्हणतेत. मग आपण डोंगरातल्या जमिनीत लावला तर काय बिघडलं?"

काहीजण हसले. आम्हाला हसू आलं नाही, कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये होता आणि बाजारात चार हजाराच्या आसपास हातात पडत होते. अशा वेळी कुणी येऊन म्हणाला, "बी माझं, खर्च माझा, माल मीच उचलतो, तुम्ही फक्त जमीन द्या," तर पोराचं मन हलणारच. म्हणून उत्तर इथं लिहून देत आहोत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

आधी मोकळं काय झालंय ते बघू. हिमाचलच्या विधानसभेनं 2024 मध्ये एका समितीचा अहवाल मान्य केला. त्यात औषधासाठी आणि कारखान्यासाठी, सरकारच्या देखरेखीखाली शेती करू द्यावी असं आहे. उत्तराखंडात धाग्यासाठी, जवळपास नशा नसलेल्या जातीला परवाना मिळतो. नशेचा गांजा दोन्हीकडं गुन्हाच आहे. आपल्या महाराष्ट्रात तर काहीच बदललेलं नाही. 2021 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं कलेक्टरकडं अर्ज केला होता, की कुठल्याच पिकाला भाव नाही, मला दोन एकर गांजा लावू द्या. त्या अर्जाची पेपरात बातमी झाली, पण कायदा आहे तिथंच राहिला.

हा कायदा 1985 चा आहे. त्यातल्या चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक. गांजाचं झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. वीस किलोच्या वर माल सापडला तर शिक्षा दहा वर्षांपासून पुढं सुरू होते आणि जामीन मिळणं फार अवघड.

दोन. तुम्ही कसत असलेल्या जमिनीत झाड सापडलं, तर ते तुमचंच असं कोर्ट धरून चालतं. माझं नाही, हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. इतर गुन्ह्यांत पोलिसांना सिद्ध करावं लागतं, इथं उलटं आहे.

तीन. जमीन तुमची आणि लावलं दुसऱ्यानं, तरी सुटका नाही. माहीत असून कळवलं नाही तर जमीनवाला गुन्हेगार.

चार. सरपंच आणि गावकामगारावरही कळवायची सक्ती आहे. म्हणजे एकाच्या वावरात झाड उभं राहिलं की सगळ्या गावात संशय उभा राहतो.

यात व्यापारी कुठं आला का? नाही आला. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, वनजमिनीतला गांजा पोलिसांनी उपटला, जाळला अशा बातम्या वर्षानुवर्षं येतात. आरोपी म्हणून नाव येतं ते जमीन कसणाऱ्याचं. बी देणारा, पैसा लावणारा, माल शहरात नेणारा बहुतेक वेळा फरारच असतो. आणि तिथं ज्वारी-मका घेणारे जे हजारो आदिवासी आहेत, त्यांच्याकडंही त्याच नजरेनं बघितलं जातं.

आता आपलं बघा. आपला दावा उभा आहे तो 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपण ही जमीन कसतो या एका गोष्टीवर. आजानं दगड वेचले, बापानं बांध घातला, आईनं दंडाच्या पावत्या पेटीत जपल्या. "अतिक्रमणवाले" हा शिक्का पुसायला इतकी वर्षं गेली. एका हंगामाच्या गांजानं "गांजावाले" हा नवा शिक्का बसेल. केस झाली म्हणून दावा आपोआप रद्द होतो असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. पण कर्ता माणूस जेलात असताना मोजणीला कोण उभं राहणार? अपील कोण करणार? वकिलाला पैसे कुठून येणार? ज्यांना आपली जमीन नको आहे त्यांना आयतं कारण आपणच द्यायचं का?

म्हणून त्या पोराला आमचं उत्तर सरळ आहे. लावायचा नाही. बांधावर नाही, कपाशीच्या तासात नाही, तुरीच्या आडाला नाही.

पण याचा अर्थ आम्ही या कायद्याच्या बाजूचे आहोत असा नाही. इंग्रजांच्या सरकारनं 1893 मध्ये गांजा-भांगेवर कमिशन बसवलं होतं. बेतानं घेण्यानं फारसं नुकसान होत नाही, सरसकट बंदी नको, असं त्या कमिशननं म्हटलं. 1985 पर्यंत देशात सरकारी परवान्याची गांजाची दुकानं होती. मग एका कायद्यानं चिलीम ओढणारा म्हातारा गुन्हेगार झाला. नशा वाईटच. ती घरातल्या बाईला आणि लेकरांना भोगावी लागते, हे आमच्या बैठकीतल्या बाया दर वेळी सांगतात आणि ते खरं आहे. पण जेलात घालून कुणाची नशा सुटत नाही. मुंबईत 2021 मध्ये एका मोठ्या नटाच्या पोराला धरलं. त्याच्याजवळ काही सापडलं नव्हतं. नामी वकील उभे राहिले तरी तीनेक आठवडे तो आत होता. पुढं आरोपपत्रात त्याचं नावच आलं नाही. त्याची ही गत, तर ज्याला वकिलाची भाषा कळत नाही त्याची काय होईल?

शहरात वाद चालू आहे, गांजा मोकळा करा किंवा करू नका. आमचा सवाल वेगळा आहे. मोकळा झालाच तर कुणासाठी? मोहाचं काय झालं ते आठवा. 1949 च्या दारूबंदी कायद्यानं मोहफुलावर बंधनं आणली. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी आपल्याला दिली. तरी फुलं साठवण्या-नेण्यावरची बंधनं उठायला 2021 साल उजाडलं. आणि उठल्यावरही मोहाची दारू गाळणारी बाई गुन्हेगारच राहिली. परवाना मोठ्या कारखान्याला, धाड झोपडीवर. गांजाचंही असंच होईल. कंपनीला हजार एकराचा परवाना आणि आपल्याला जुन्या केसेसच्या तारखा.

म्हणून संघटनेची मागणी अशी: थोडा माल सापडलेल्या माणसाला जेल नको, दवाखाना द्या. गरीब कसणाऱ्यांवरच्या केसेस तपासा आणि पैसा लावणाऱ्याला धरा. उद्या परवाने द्यायचेच ठरले तर ग्रामसभेला विचारल्याशिवाय देऊ नका, आणि वनजमीन कंपनीला देऊ नका. पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला नशेच्या मालावर बंदी किंवा नियम घालायचा अधिकार दिला आहे. किनवटकडच्या गावांना तो आहे, आपल्या जिंतूर-परभणीला नाही. तो आपल्यालाही पाहिजे.

आणि सोयाबीन, तूर, कापसाला हमीभाव मिळू द्या. तो मिळाला असता तर त्या पोरानं हा प्रश्न विचारलाच नसता.

तोवर प्रत्येक पाड्यावर, तांड्यावर बैठक घ्या. फुकट बी घेऊन कुणी आला तर त्याला चहा पाजा, नाव-गाव विचारा आणि वाटेला लावा. कुणी आधीच अडकला असेल तर लपवू नका, संघटनेकडं या. आम्ही हसणार नाही, रागावणारही नाही.

पीक एका हंगामाचं असतं. जमीन नातवाची आहे.

जोहार!